हाताची थरथर

पिंकीच्या साक्षगंधाआधीच्या, म्हणजे साखरपुड्याआधीच्या, रविवारी गोपाळरावांना काही तास घराबाहेर काढायचं, हे त्यांच्या धाकट्या भावानं, चंद्रभाननं, ठरवलं. चंद्रभाननं ठरवलेली गोष्ट इंदोऱ्यातल्या त्या घरात सहसा बिनबोभाट पार पडत नसे, पण ही पडली. समारंभात घालायला गोपाळरावांना नवा सदरा हवा होता, म्हणून पिंकी त्यांना घेऊन सीताबर्डीला गेली. काका आणि दादा जेवणाचं ठरवायला जमलेत, असं तिला वाटत होतं. बैठक कशाची आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती बापाला घेऊन तिथंच ठिय्या मारून बसली असती.

मे महिना सरत आला होता. समोरच्या खोलीत कूलर घरघरत होता आणि चंद्रभान त्याच्या बरोब्बर पुढ्यात बसला होता. या घरात तो सोयीप्रमाणे कधी पाहुणा असे, कधी भाऊ. अंकुश, घरातला थोरला मुलगा, दाराजवळच्या खुर्चीत. त्याची बायको प्रीती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी. आणि गोपाळरावांची बायको प्रेमिला दिवाणाच्या कडेला, पदर आवळून. तिच्या डोक्यावर भिंतीला सासऱ्यांचा फोटो होता. छप्पन साली दीक्षाभूमीवर धम्म घेतलेला माणूस. वस्तीतल्या विहारात जन्मभर त्यांनीच वंदना घेतली, त्यांनीच पंचशील दिलं. त्यांच्यामागे तो मान गोपाळरावांकडे आला. मधे काही वर्षं मात्र अशी गेली होती की म्हाताऱ्यानं या पोराला विहारात मागच्या रांगेतही बसू दिलं नव्हतं. तेव्हा गोपाळराव वीज मंडळात लाइनमन होते आणि दिवसभर खांबावर चढून संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात उतरत. पिंकी जन्मली त्या वर्षी त्यांनी दारू सोडली. पिंकी आता लग्नाला आली होती.

"मी काही दादाच्या वाईटावर नाही," चंद्रभाननं सुरुवात केली. त्याची अशी सुरुवात कुठं जाऊन पोचते, हे प्रेमिलाला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. "पण बुद्धपौर्णिमेले विहारात काय झालं, ते सगळ्या वस्तीनं पाहिलं. मेणबत्ती लावता येऊन नाही राहिली माणसाले! काडी ओढली, विझली. पुन्हा ओढली, पुन्हा विझली. हात असे असे करून राहिले. मागून कोणीतरी हसलं बी."

"बाबायले शुगर आहे ना काका," प्रीती म्हणाली. "शुगर उतरली की हात थरथरते."

"उतरली?" अंकुश म्हणाला. "रिपोर्टमध्ये तर चढूनच राहिली आहे. डॉक्टरनं गोळी वाढवली, पुन्हा वाढवली. तरी चढून राहिली. काहून?"

गेल्या दिवाळीपासून गोपाळराव वजनानं उतरत चालले होते. दोन माणसांचं जेवण एकटे जेवत आणि तरी गालफडं आत गेलेली. कूलरसमोर बसून घामानं निथळत. झोप उडालेली, पोट बिघडलेलं, आणि पूर्वी शांत असलेला माणूस दूधवाला जरा उशिरा आला तर त्याच्या अंगावर धावून जाई. शुगर तर त्यांना बऱ्याच वर्षांची. त्यामुळे वजन उतरलं की शुगर, घाम आला की शुगर, झोप नाही तरी शुगर, असं वस्तीतल्या डॉक्टरांनी सांगितलं आणि घरानं ऐकलं. हात थरथरले आणि छाती धडधडली की शुगर उतरली, एवढं तर घरात सगळ्यांनाच पाठ झालं होतं. मग कोणीतरी पळत जाऊन ग्लुकोजचं पाणी कालवून आणी. बोट टोचून पाहायचं मशीन कपाटात होतं, पण त्याच्या पट्ट्या कधीच्या संपल्या होत्या. समोर माणूस लटलट कापत असताना मशीन शोधायला कोण जाणार? पाणी पाजलं म्हणजे झालं, असं सगळ्यांना वाटे. त्यानं गोपाळरावांची थरथर थांबत नसे, आणि पुढच्या रिपोर्टात शुगर आणखी वर गेलेली दिसे.

"सकाळी उठल्याबरोबर थरथर," अंकुश बोटांवर मोजत म्हणाला. "झोप नाही, घाम, चिडचिड. शुगर कंट्रोलमध्ये नाही. मी तेव्हा लहान होतो आई, पण आंधळा नव्हतो. हे सगळं मी एकदा पाहिलेलं आहे."

"पण पिणाऱ्या माणसाले एवढी भूक कुठं लागते?" प्रीती म्हणाली.

अंकुशनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. प्रीती कुकर पाहायला आत गेली. कुकर लावलेलाच नव्हता.

"हे पाहा," चंद्रभान पुढं सरकला. "भंडाऱ्याहून विश्वनाथराव येऊन राहिले. पोराचा बाप. त्यायच्या घरात कधी कोणी थेंबाले शिवलं नाही. उद्या यायच्यासमोर दादा पंचशील द्यायले उभा राहील, हात असे लटलट, अन् पाचव्या शीलावर येईल. दारू पिणार नाही, नशा करणार नाही. काय म्हणतील लोक? पोरीचं साक्षगंध आहे बाप्पा, काही गंमत नाही."

"मग द्यावं कोणी?" अंकुशनं विचारलं.

"मी देईन की," चंद्रभान म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला की त्याचं त्यालाच अवघडल्यासारखं झालं आणि तो प्रेमिलाकडे वळला. "पण त्याच्याआधी वहिनी, तुम्ही सांगा. तुम्ही चोवीस तास सोबत असता. दादा घेते का नाही? तुम्ही नाही म्हणा, मी आत्ता चप्पल घालून घरी जातो."

तिघंही तिच्याकडे पाहू लागले. प्रीती उंबऱ्यात परत आली होती.

प्रेमिलाला उत्तर ठाऊक होतं. बुद्धपौर्णिमेच्या कितीतरी आधीपासून ती रोज संध्याकाळी नवऱ्याच्या खांद्यावरचा टॉवेल काढायचं निमित्त करून त्याच्या तोंडाजवळ जात होती. घामाचा वास येई, साबणाचा येई, कधी सुपारीचा येई. तो दुसरा वास, जो ती मरेपर्यंत विसरणार नव्हती, एकदाही आला नव्हता. पण वास नाही म्हणजे दारू नाही, असं म्हणायची तिची हिंमत होत नव्हती. पूर्वी याच माणसानं इलायची खाऊन, कच्चा कांदा चावून, पेरूचा पाला चघळून तिला फसवलं होतं.

आणि एकदा तर भर बैठकीत. सासऱ्यांनी चार माणसांदेखत तिला विचारलं होतं, सूनबाई, तू सांग, यानं सोडली काय? तिनं मान वर करून सांगितलं होतं, सोडली बाबा. त्याच संध्याकाळी चौघांनी गोपाळरावांना नालीच्या काठावरून उचलून आणलं. सासरे तिला एक शब्द बोलले नाहीत. फक्त त्यानंतर त्यांनी तिला कधीच काही विचारलं नाही. अगदी भाजी कोणती आणू हेसुद्धा नाही. ते तिला फार लागलं होतं. या माणसासाठी पुन्हा कोणासमोर जामीन राहायचं नाही, असं तिनं तेव्हा मनाशी धरलं होतं, आणि ते इतकी वर्षं पाळलं होतं.

"मले काय माहीत, भाऊजी," ती म्हणाली.

तेवढं पुरलं. बायकोच ठामपणे नाही म्हणत नाही म्हटल्यावर आणखी कोणाची साक्ष काढायची? पंचशील चंद्रभाननं द्यायचं, गोपाळरावांना अशक्तपणाचं कारण सांगायचं, आणि अंकुशनं त्यांना धरमपेठेतल्या शुगरच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेऊन शुगरच्या नावाखाली लिव्हर तपासून घ्यायचं, असं ठरलं.

गोपाळराव आणि पिंकी अपेक्षेपेक्षा लवकर परतले. पिंकीच्या हातात पिशवी होती आणि ती दारातूनच तक्रार करत आली.

"आई, अख्खी बर्डी पालथी घातली वं! यायले सदराच बसत नाही. अंगात सैल, गळ्यात तंग. मोठा घेतला तर खांद्यावरून गळते, लहान घेतला तर वरचं बटनच लागत नाही. दुकानदार म्हणे, काकाजी, असं गिऱ्हाईक पहिल्यांदा पाहून राहिलो."

गोपाळराव खुर्चीत बसले, कपाळाचा घाम पुसला. हात थरथरत होते. प्रेमिला सवयीनं उठली आणि ग्लुकोजचं पाणी घेऊन आली. त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला, तरी थोडं पाणी सदऱ्यावर सांडलं. त्या सांडलेल्या पाण्याकडे अंकुश, चंद्रभान आणि प्रीती एकाच वेळी पाहत होते. गोपाळरावांनी ते पाहिलं. तारा जोडण्यात जन्म गेलेला माणूस. करंट कुठून कुठं चाललाय हे त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"बैठक कशाची होती गा?" त्यांनी विचारलं.

"जेवणाची," अंकुश म्हणाला.

"अन् जेवणात मी नको होतो?"

चंद्रभानला खोटं फार वेळ धरून ठेवता येत नसे, एवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं. "दादा, पंचशील मी देतो यावेळेस. तुले अशक्तपणा आहे..." इथपर्यंत तो ठरल्याप्रमाणे बोलला आणि मग त्याची गाडी घसरली. "अन् लोक बी बोलून राहिले ना गा! पुन्हा सुरू केली म्हणून."

पिंकीच्या हातातली पिशवी खाली पडली. "कोण लोक? नावं सांगा काका."

"तू थांब वं," गोपाळराव तिला म्हणाले. मग भावाकडे वळले. ओरडतील असं सगळ्यांना वाटलं होतं, हल्ली ते कशावरूनही ओरडत. पण आवाज खालीच राहिला. "मी घेतली नाही. पिंकी झाली तेव्हापासून नाही."

"मग हे काय आहे बाबा?" अंकुशनं त्यांच्या हातांकडे बोट केलं.

गोपाळरावांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. त्यांनाही ते कोडंच होतं. मग त्यांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. "सांग ना वं यायले."

प्रेमिलाच्या हातात रिकामा पेला होता. बोलायला एक शब्द पुरला असता. "डॉक्टरकडं तर जाऊन या," ती म्हणाली. "तपासल्यावर समजेलच."

गोपाळराव तिच्याकडे पाहत राहिले. "बरं," ते म्हणाले आणि कूलरकडे तोंड करून बसले. पिंकी आईकडे अशी पाहत होती, जणू बाई ओळखीची आहे पण नाव आठवत नाही. प्रेमिलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेला घासायच्या निमित्तानं ती आत गेली आणि घासलेलाच पेला पुन्हा पुन्हा घासत उभी राहिली.

धरमपेठेतले डॉक्टर सुमंत कमी बोलणारे होते. अंकुश आधी एकटाच आत जाऊन आला. त्यानं काय कानात सांगितलं असेल हे प्रेमिलाला कळलं आणि गोपाळरावांनाही. मग तिघांना आत बोलावलं. गोपाळरावांना आत्ताही थरथर आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. होती.

"अशी थरथर झाली की घरी काय करता?"

"ग्लुकोजचं पाणी देतो," अंकुश म्हणाला.

"शुगर मोजून देता की न मोजता?"

उत्तराची वाट न पाहता डॉक्टरांनी गोपाळरावांचं बोट टोचलं आणि मशीनवरचा आकडा तिघांना दाखवला. तीनशेच्या वर होता. "उतरलेली नाही, चढलेली आहे. आगीत तेल ओतताय तुम्ही रोज. हात पुढे करा. बोटं फाकवा."

त्यांनी एक कोरा कागद गोपाळरावांच्या पसरलेल्या बोटांवर ठेवला. कागद बारीक बारीक थरथरू लागला. डॉक्टरांनी नाडी धरली आणि बराच वेळ घड्याळाकडे पाहत राहिले. डोळे पाहिले. भूक, झोप, पोट, उकाडा, एकेक विचारलं.

"दारू?"

"नाही. पोरगी झाली तेव्हापासून नाही."

आता डॉक्टर आपल्याला विचारतील, असं प्रेमिलाला वाटलं. या वेळी ती सांगणार होती. वास येत नाही, मी रोज पाहते, असं वाक्य तिनं ओठांपर्यंत आणून ठेवलं होतं. पण डॉक्टरांनी तिला विचारलंच नाही. त्यांना तिच्या साक्षीची गरज नव्हती.

"सदऱ्याची वरची बटणं काढा," ते म्हणाले.

"वरचं लागतच नाही," गोपाळराव म्हणाले. "बाकी अंगात कपडे ढगळ झाले, अन् गळ्यात तंग."

डॉक्टरांनी मान वर केली. मग त्यांनी गोपाळरावांना घोटभर पाणी प्यायला सांगितलं आणि गळ्याकडे पाहत राहिले. पाणी गिळताना गळ्याच्या खालच्या बाजूला काहीतरी फुगीर वर गेलं आणि खाली आलं. प्रेमिलानंही ते पाहिलं. या गळ्याजवळ ती कित्येक दिवस नाक नेत होती, आणि तिला ते दिसलं नव्हतं.

दोन दिवसांनी रिपोर्ट आले. थायरॉइड चढलेलं होतं, चांगलंच.

"गळ्यात एक ग्रंथी असते," डॉक्टरांनी समजावलं. "शरीर किती वेगानं चालवायचं ते ती ठरवते. यांची गाडी उभी आहे आणि रेस दाबलेली आहे. म्हणून थरथर, घाम, भूक, वजन उतरणं. मधुमेह असलेल्यांत थायरॉइड बिघडलेलं बऱ्याचदा सापडतं. पण शुगर आहे म्हटलं की सगळं तिच्याच खात्यावर टाकतात, गळ्याकडे कोणी पाहत नाही. आणि हे चढलेलं असेपर्यंत शुगर गोळ्यांना दाद देत नाही. आता आणखी एक फोटो काढू गळ्याचा, पण गोळ्या आजपासून."

"अन् लिव्हर, सर?" अंकुशनं खालच्या आवाजात विचारलं.

"लिव्हर ठणठणीत. या गोळ्यांआधी ते तपासावंच लागतं, तुम्ही सांगितलं नसतं तरी केलं असतं." मग त्यांनी एका छोट्या गोळीवर बोट ठेवलं. "ही धडधड आणि थरथर दाबेल. पण यामुळे शुगर खरोखर उतरली तरी हातावरून कळणार नाही. म्हणून आधी मशीन, मग ग्लुकोज. हात पूर्ण शांत व्हायला महिना-दोन महिने जातील. साक्षगंध कधी आहे म्हणालात? तोवर थोडा फरक पडेल. थोडाच."

बातमी घरी पोचली तेव्हा चंद्रभान आधीच येऊन बसलेला होता. "मले पहिल्यापासून वाटूनच राहिलं होतं, यात काहीतरी मेडिकल आहे म्हणून," तो म्हणाला, आणि हे म्हणताना तो मनापासून म्हणत होता. माणसाचा स्वतःवर किती विश्वास असू शकतो हे पाहायचं असेल तर चंद्रभानकडे पाहावं. त्यानं लगेच मोबाइल काढून रिपोर्टचा फोटो घेतला. "विश्वनाथरावायले पाठवून देतो. वस्तीच्या ग्रुपवर बी टाकतो. एका दमात सगळ्यायची तोंडं बंद!"

"कोणाले पाठवायचा नाही," गोपाळराव म्हणाले.

"काहून गा दादा? गैरसमज दूर होते ना!"

"रिपोर्ट आला म्हणून मी खरा झालो काय? रविवारी मी खरंच बोललो होतो."

चंद्रभाननं मोबाइल खिशात घातला. अंकुश खिडकीबाहेर पाहत होता. त्याला माफी मागता येत नसे; ती त्या घराण्यात कोणालाच येत नसे. त्यानं मशीनच्या नव्या पट्ट्या आणल्या, कूलरच्या गवताच्या ताट्या बदलल्या, टाकी घासली, आणि दिवसभर बापाच्या आसपास काहीतरी दुरुस्त करत राहिला. गोपाळराव त्याच्याशी नेहमीसारखं बोलले. पिंकीनं मात्र आईशी कामापुरतंच बोलायचं धरलं. हळद कुठं आहे, पाहुणे किती, तांदूळ भिजवू का. यापलीकडे नाही.

समारंभाच्या आदल्या दिवशी चंद्रभान पुन्हा आला आणि पंचशील दादानंच द्यावं, असं मोठ्या मनानं जाहीर करून टाकलं. गोपाळराव नाही म्हणाले.

"मग मी देऊ?"

"तू बी नाही. प्रेमिला देईल."

चंद्रभान हसला. मग कोणी हसत नाही हे पाहून थांबला. "वहिनी? वहिनींनी कधी चार लोकायसमोर..."

"येते तिले. बाबायनं शिकवलं आहे," गोपाळराव म्हणाले.

संध्याकाळी ते कूलरमध्ये पाणी भरत होते. प्रेमिला नळाशी पाइप धरून उभी होती. हात आता जरा कमी थरथरत होते, पण थरथरत होते.

"मले काहून पुढं करून राहिले?" तिनं विचारलं. "शिक्षा आहे काय?"

"शिक्षा कशाची?"

"मी वास घेत होती तुमचा. रोज."

"माहीत होतं मले," गोपाळराव म्हणाले. "टॉवेल घ्यायले एवढं जवळ कोणी येते काय?"

प्रेमिलाला रडू येत होतं, पण तिनं पाइप सरळ धरला. "मग बोलले काहून नाही?"

"म्हटलं, घेऊ दे. तिले तरी खात्री होईल." त्यांनी टाकीत वाकून पाणी कुठवर आलं ते पाहिलं. "येत नव्हता ना वास?"

"नाही."

"एकदा बी?"

"नाही."

"मग त्या दिवशी सांगितलं काहून नाही वं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला भांडता आलं असतं. इलायची आठवा, पेरूचा पाला आठवा, नालीचा काठ आठवा, सासऱ्यांचं तोंड आठवा, असं सगळं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. "भ्याली मी," ती म्हणाली. "पुन्हा खोटी पडीन म्हणून."

गोपाळरावांनी मान हलवली. ते त्यांना समजत होतं. ती भीती त्यांनीच तिला दिली होती. "चंद्रभान बोलला, अंकुश बोलला, मले काही वाटलं नाही," ते म्हणाले. "ते बोलतेच. पण तिथं सगळे तुझ्याच शब्दासाठी थांबले होते. ज्याच्या शब्दासाठी लोक थांबते, त्यानं शील द्यावं. बस, एवढंच आहे. नळ बंद कर, भरली टाकी."

साक्षगंध वस्तीतल्याच समाजभवनात झालं. भंडाऱ्याची मंडळी वेळेवर आली. विश्वनाथराव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत पहिल्या रांगेत बसले. त्यांचा मुलगा प्रशिक आणि पिंकी समोर, शेजारी शेजारी. गोपाळरावांचा सदरा शेवटी शिवून घ्यावा लागला होता, गळ्यात ऐसपैस आणि अंगात बेताचा. ते दुसऱ्या रांगेत बसले. हात त्यांनी उपरण्याखाली लपवले नाहीत. जोडून पुढं धरले, आणि ते थरथरत होते. आजूबाजूची दोन-चार डोकी एकमेकांकडे झुकली. हे अपेक्षितच होतं.

प्रेमिला पांढरं लुगडं नेसून पुढं उभी राहिली. मेणबत्ती लावली, धूप लावला. त्रिशरण झालं. ती म्हणे आणि मागून सगळं समाजभवन म्हणे. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. तिचा आवाज सुरुवातीला बारीक होता, तो आता भरू लागला होता. पिंकीनंही मान वर करून आईकडे पाहिलं.

चौथ्याला ती थांबली.

चौथं शील खोटं न बोलण्याचं. सगळे हात जोडून वाट पाहत होते. पंखे फिरत होते. कोणीतरी खोकलं. विसरली, असं समजून चंद्रभाननं बसल्या जागेवरून पुढचा शब्द मोठ्यानं सांगितला. प्रेमिलानं त्याच्याकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. तिला शब्द आठवत होता. त्या शब्दाशी आपण काय केलं, तेही आठवत होतं. तिनं दुसऱ्या रांगेत नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी काही सुचवलं नाही, खूण केली नाही. नुसते हात जोडून, बाकीच्यांसारखेच, ती म्हणेल म्हणून थांबले होते.

तिनं चौथं शील म्हटलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, सावकाश. समाजभवन मागून म्हणालं.

मग तिनं हात खाली घेतले.

"पाचवं शील मी देणार नाही," ती म्हणाली. विश्वनाथरावांनी चमकून मान वर केली. अंकुश अर्धवट उठला आणि प्रीतीनं त्याला सदरा धरून खाली बसवलं. "ते पिंकीचे बाबा देतील. दारू सोडल्यापासून यायनं ते आजवर मोडलं नाही. मी घरात असते, मले माहीत आहे. मले विचारलं होतं, तेव्हाच मी हे सांगायले पाहिजे होतं."

गोपाळरावांनी उपरणं सावरलं. मग उठून पुढं आले आणि तिच्या जागी उभे राहिले. त्यांनी हात जोडले. हात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर थरथरत होते, आणि त्याबद्दल त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. ते पाचवं शील म्हणू लागले, बापानं शिकवलं होतं त्या चालीत, एकेक शब्द सुटा करून.

मागून सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठा आवाज चंद्रभानचा होता. प्रेमिला त्यांच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसली, आणि हात जोडून त्यांच्यामागून म्हणाली.